उरलं तर देऊ

पगार वाढला, घरात दोघं कमावते झाले, तरी महिनाअखेर तीच ओढाताण. पैसा जातो कुठे? हा प्रश्न नाशिकच्या सिडकोतल्या दोन खोल्यांत विचारला जातो तसा गंगापूर रोडच्या मोठ्या फ्लॅटमध्येही विचारला जातो. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, तो जरा खालच्या आवाजात: वर्गणी मागायला कुणी आलं की हात आखडतो, पण तोच हात नवा मोबाइल घेताना का आखडत नाही?

वरवर पाहता पहिला प्रश्न हिशेबाचा आणि दुसरा स्वभावाचा वाटतो. माझ्या मते दोन्ही हिशेबाचेच आहेत. त्यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात चोख हिशेब नाशिकच्या एका डोंगरावर दगडात कोरलेला आहे. तिथे पोचण्याआधी स्वयंपाकघरातून सुरुवात करू.

१. ताट भरलं, मग बाकीचे पैसे?

१८५७ साली एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले. (मार्क्सचा मित्र एंगल्स तो वेगळा. हा सरकारी आकडेवारीतला माणूस.) त्याला दिसलं ते असं: घर जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. उत्पन्न वाढलं की माणूस अन्नावर थोडे जास्त पैसे घालतो, पण एकूण खर्चातला अन्नाचा वाटा घटत जातो. पोट एकच असतं, त्यात किती भरणार?

आपल्याकडेही हेच दिसतं. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी भारतात माणशी महिन्याचा खर्च सरासरी ६,९९६ रुपये निघाला. त्यातले ३९.६८ टक्के अन्नावर गेले. १९९९-२००० मध्ये शहरांत हा वाटा ४८ टक्क्यांच्या आसपास होता. चौघांचं घर धरलं तर महिन्याला साधारण २८,००० रुपये खर्च, त्यात अन्नाचे ११,१००. जुना वाटा कायम असता तर अन्नावर १३,४०० हून जास्त गेले असते. म्हणजे दर महिन्याला सव्वादोन हजारांहून जास्त रुपये ताटातून सुटले.

सुटलेले पैसे शिल्लक पडायला हवे होते, पण तसं होत नाही. ताटातून सुटलेल्या पैशाला पोटासारखी मर्यादा नसते. भाकरी चार खाल्ल्या की पुरे होतं, पडदे मात्र कधीच पुरेसे नसतात. फ्रेंच लेखक दिदरो याने १७६९ मध्ये यावर एक मजेदार निबंध लिहिला. त्याला कुणीतरी लाल रंगाचा उंची झगा भेट दिला. तो अंगावर चढवल्यावर त्याला जुनी खुर्ची खटकायला लागली. खुर्ची बदलली तर टेबल नजरेत भरेना, टेबल बदललं तर भिंतीवरची चित्रं ओशाळवाणी वाटू लागली. भेट फुकट होती, तिच्या पाठोपाठ आलेला खर्च फुकट नव्हता. पाडव्याला नवा सोफा घेतलेल्या घरात हीच मिरवणूक निघते: सोफ्यामागे पडदे, पडद्यांमागे रंग, रंगामागे दिवे. यात कुणी उधळ्या नसतो. प्रत्येक खरेदीला कारण असतं आणि ते कारण म्हणजे आदली खरेदी.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे, की उत्पन्न वाढलं म्हणून आपोआप काही उरत नाही. उरवावं लागतं. घरातल्या बायका ते कसं करत आल्या, ते आता पाहू.

२. डाळीच्या डब्यातली नोट

पगाराच्या दिवशी पाकीट फोडून नोटांचे वाटे करायची पद्धत अजून काही घरांत आहे. किराणा, दूध, फी, लाइटबिल, कामवाल्या मावशी. प्रत्येकाचं वेगळं पाकीट, नाहीतर वेगळा डबा. त्यातून दहा-वीस रुपये वाचले की ते कुणाला न सांगता तूरडाळीच्या डब्यात तळाशी जायचे. तळाशी म्हणजे अगदी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, नाहीतर नोटेला डाळीचं पीठ लागतं.

शुद्ध तर्काने पाहिलं तर हा वेडेपणा आहे. रुपया तो रुपया, दुधाच्या पाकिटातला काय आणि फीच्या पाकिटातला काय. पण माणूस असं वागत नाही. रिचर्ड थेलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने हीच गोष्ट अभ्यासली. आपण मनातल्या मनात पैशाची खाती पाडतो आणि एका खात्यातला पैसा दुसऱ्यात न्यायला कचरतो. पगारातून शंभर रुपये काढताना जीव खालीवर होतो, बोनसमधून हजार सहज जातात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दिवाळीचा बोनस झाला की मेन रोडवर पाय ठेवायला जागा नसते, त्यामागे हेच आहे. थेलरना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या आज्यांना ते ठाऊक होतं, त्यांनी फक्त प्रबंध लिहिला नाही.

निफाड-लासलगावकडे डब्यांचा आकार वेगळा असतो. कांदा विकला की एकदम मोठी रक्कम हाती येते आणि मग कित्येक महिने काहीच नाही. तिथले डबे महिन्याचे नसतात, हंगामाचे असतात: सोसायटीचं कर्ज, पुढचं बियाणं, औषधं, मुलीचं लग्न. नोकरदाराला शेतकरी उधळ्या वाटतो, शेतकऱ्याला नोकरदार चिक्कू वाटतो. दोघांच्या पैशाचं वेळापत्रक वेगळं असतं, एवढंच.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री हे डबे उघडले. पाचशे-हजारच्या जुन्या नोटा रद्द झाल्या आणि घरोघरी डाळीखालून, साड्यांच्या घड्यांतून, देव्हाऱ्यामागून पैसे निघाले. गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरलेल्या रकमेबद्दल विचारणा होणार नाही, असं सरकारला जाहीर करावं लागलं. नाशिकसाठी या गोष्टीला एक जास्तीचा पदर आहे. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. त्या हिवाळ्यात तिथे सुट्या रद्द करून, रविवारीही नव्या पाचशेच्या नोटा निघत होत्या. शहराच्या एका टोकाला कागद नोट होत होता आणि बाकी शहरात डब्यातली नोट कागद झाली होती.

त्याच वर्षी यूपीआय आलं. त्याची सोय मोठी आहे, मी स्वतः कोथिंबिरीची जुडीही त्यावरच घेतो. पण मोबाइलने सगळे डबे एकाच टोपल्यात रिकामे केले. फी, दूध, पिझ्झा आणि वर्गणी एकाच आकड्यातून वजा होतात. डब्याला भिंत होती. आकड्याला ती नाही.

त्या भिंतींच्या आत देण्याचाही डबा असायचा. गरीब विद्यार्थ्याला वार लावून जेवू घालणं, ही जुनी रीत घ्या. मंगळवार तुमच्या घरी, बुधवार शेजारी. मंगळवारी पोरगं दारात उभं राहणारच, तेव्हा भात त्या अंदाजानेच शिजायचा. ‘या आठवड्यात परवडतंय का’ असा प्रश्न दर मंगळवारी नव्याने पडत नसे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांना हातभार लावणारा मुष्टिफंड याच जातीचा: दळायला धान्य काढताना एक मूठ बाजूला. मूठ आधी निघायची, दळण नंतर.

३. हप्ता

आजच्या घरात मात्र आधी काय निघतं, तर हप्ता. महिन्याच्या पाच तारखेला बँक तुमच्याआधी उठते. घराचा, गाडीचा, फ्रिजचा, फोनचा. उरलेल्यात संसार आणि संसारातून उरलं तर इतरांसाठी.

हप्ता वाईट, असं माझं म्हणणं नाही. नाशिकमधल्या हजारो कामगारांची घरं हप्त्यावर उभी राहिली आणि भाड्याच्या खोलीतून ती सुटली. पण हप्त्याची एक खोड समजून घ्यायला हवी. तो किंमत लहान करून दाखवतो आणि व्याज लपवतो.

समजा एक फोन ६०,००० रुपयांचा आहे. दुकानदार म्हणतो, व्याज काहीच नाही, ५,००० चे १२ हप्ते. गणित बरोबर दिसतं. तोच फोन रोख घेतला तर तो ५६,००० ला देतो. म्हणजे खरी किंमत ५६,००० आणि हप्त्याने घेणाऱ्याने ४,००० व्याज भरलं. ४,००० म्हणजे सात टक्केच की, असं वाटेल. पण पूर्ण ५६,००० वर्षभर तुमच्याकडे राहिलेच नाहीत, दर महिन्याला तुम्ही ५,००० परत करत होतात. ते धरून दर काढला तर तो वर्षाला १३ टक्क्यांच्या आसपास जातो. शिवाय प्रोसेसिंग फी वेगळी. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं, की शून्य टक्के व्याज अशी काही वस्तू नसते, ते व्याज फीमध्ये दडवून गिऱ्हाइकाकडून घेतलं जातं.

क्रेडिट कार्डाचं तर विचारूच नका. ५०,००० थकले आणि महिन्याला साडेतीन टक्के दर असला, तर पहिल्याच महिन्याचं व्याज १,७५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५. तुम्ही पाच टक्के म्हणजे २,५०० भरून निश्चिंत झालात, तर मुद्दलातून गेले फक्त ४३५.

आता डोंगरावर जाऊ.

४. लेणं क्रमांक १०

मुंबई-आग्रा रस्त्यालगत, शहराच्या दक्षिणेला पांडवलेणी आहेत. शिलालेखांत या डोंगराचं नाव त्रिरश्मी येतं. रविवारी सकाळी व्यायामाला चढणारे लोक दहाव्या लेण्याच्या ओसरीत टेकून पाणी पितात. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर ब्राह्मी लिपीत एका देणगीचा सविस्तर हिशेब कोरलेला आहे, तो सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा.

देणगीदार उषवदात, क्षत्रप राजा नहपानाचा जावई. त्याने हे लेणं भिक्षुसंघाला दिलं. लेणं देऊन तो थांबला असता तर गोष्ट इतर अनेक राजांसारखीच झाली असती. पण पावसाळ्यात इथे राहणाऱ्या भिक्षूंना चीवरं, म्हणजे अंगावरची वस्त्रं, लागणार. ती यंदा लागतील, पुढच्या वर्षी लागतील, आपण नसू तेव्हाही लागतील. म्हणून त्याने ३,००० कार्षापणांची एक कायमची ठेव केली. कार्षापण हे त्या काळचं नाणं. ठेव कुठे ठेवली? गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे. गोवर्धन हे गाव गंगापूर रोडने गेलं की आजही लागतं. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ, अर्धी सहकारी सोसायटी आणि अर्धी बँक.

लेखातले आकडे असे. २,००० कार्षापण विणकरांच्या एका श्रेणीकडे, शेकडा दरमहा एक या व्याजाने. १,००० विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा दरमहा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. दुसरीचं व्याज आणखी एका खर्चासाठी.

पेन्सिल घ्या. शंभरावर महिन्याला एक म्हणजे वर्षाला बारा. २,००० वर वर्षाचं व्याज २४०. भिक्षू २०, प्रत्येकी १२, एकूण २४०. एक नाणं इकडे नाही की तिकडे नाही. हे वाचलं तेव्हा मला राजाचा जावई दिसायचा बंद झाला आणि रात्री कंदील लावून हिशेब जुळवणारा कुणी कारकून दिसायला लागला. आधी गरज मोजली, मग त्या गरजेला पुरेल एवढं व्याज काढलं आणि शेवटी मुद्दलाचा आकडा ठरवला. आपण बरोबर उलटं करतो: खिशात हात घालून जे लागेल ते देतो आणि गरज किती होती हे विचारतही नाही.

या व्यवस्थेला लेखात अक्षयनीवी म्हटलं आहे. दह्यातलं चमचाभर विरजण बाजूला काढून ठेवलं की उद्याचं दही लागतं, तसं हे मुद्दल. दही वाटून टाका, विरजणाला हात लावू नका.

दोन गोष्टी इथे थांबून पाहण्यासारख्या आहेत. चीवराचे पैसे विणकरांकडेच ठेवले. विणकरांना सुतासाठी भांडवल मिळालं, त्यांच्या मागावरून व्याज निघालं आणि त्या व्याजातून कापड विकत घेतलं जाणार. गावातला पैसा गावातच फिरला. दुसरं असं, की सगळे पैसे एकीकडे न ठेवता दोन श्रेणींत विभागले आणि दोघींचे दर वेगळे. पाऊण टक्केवाली श्रेणी जास्त भरवशाची असेल का? हा माझा तर्क, लेख त्यावर गप्प आहे. व्यवहार मात्र गुपचूप झाला नाही. तो नगराच्या निगमसभेत वाचून दाखवला आणि दफ्तरी नोंदवला, असं लेखातच म्हटलं आहे.

उषवदाताला संत करायचं कारण नाही. त्याचा पैसा सत्तेतून आलेला होता आणि ती सत्ता टिकली नाही. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. पुढे गौतमीपुत्राने याच डोंगरावरच्या भिक्षूंना २०० निवर्तनं जमीन दिली आणि ती जमीन पूर्वी उषवदाताच्या ताब्यात होती, असं तिसऱ्या लेण्यातला लेख सांगतो. धनी बदलले, दान चालू राहिलं.

याच पैशाची दुसरी गोष्ट गोदावरी आणि दारणेच्या संगमाजवळ जोगलटेंभी गावात सापडली. १९०६ मध्ये तिथे जमिनीतून नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, १३ हजारांहून जास्त नाणी. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. कुणीतरी ती पुरली आणि न्यायला परत आलं नाही. कोण, का, ते कळायला मार्ग नाही. पुरलेला पैसा जसाच्या तसा राहिला, त्याने कुणाला एक चीवर दिलं नाही.

दान फक्त राजघराण्यातलेच करत होते असंही नव्हे. तिसऱ्या शतकात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षी, विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेने याच डोंगरावर आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी ठेव केली. तिने पैसे गोवर्धनातल्या अनेक श्रेणींत वाटून ठेवले. त्यांत तेल गाळणारे होते आणि पाण्याची यंत्रं करणारेही होते.

आता मागच्या विभागातला फोन आठवा. उषवदाताने मुद्दल बांधून ठेवलं आणि व्याज वाटलं. आपण वस्तू आधी आणतो आणि व्याज भरत बसतो. दोन्हीकडे महिन्याचा दर जवळजवळ तोच, एक टक्का. दिशा तेवढी उलटी.

५. आहेराची वही

सगळं देणं एका जातीचं नसतं. मराठी घरातलं सर्वात नियमित देणं म्हणजे आहेर आणि ते दानाच्या खात्यात घालणं चूक होईल.

मंगल कार्यालयाच्या दारापाशी, अक्षतांच्या ताटाशेजारी, घरातले एक विश्वासू काका टेबल मांडून बसतात. समोर वही. डाव्या बाजूला नाव, मध्ये गाव, उजवीकडे रक्कम: १०१, २५१, ५०१. पाकिटाच्या कोपऱ्याला रुपयाचं नाणं चिकटवून मिळतं, त्यामुळे शून्यावर संपणारा आकडा कुणाच्या हातून जात नाही. काकांचं अक्षर सुवाच्य असावं लागतं, कारण ती वही पुढची वीस वर्षं चालणार असते. तिकडच्या मुलीचं लग्न निघालं की वही काढली जाते. “त्यांनी आपल्याला किती घातले होते गं?” “पाचशे एक.” “मग आता हजार तरी घालायला हवेत, पंधरा वर्षं झाली की.” महागाईभत्ता धरून परतफेड!

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने १९२५ मध्ये भेटवस्तूंवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं, की जुन्या समाजांत भेटीला तीन बंधनं असतात: द्यावी लागते, घ्यावी लागते आणि परत करावी लागते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आदिवासींमध्ये तर मोठी मेजवानी देऊन घरातलं सामान वाटून टाकायची, कधी मुद्दाम नष्टही करायची चढाओढ चालायची. कॅनडा सरकारने त्यावर १८८५ पासून १९५१ पर्यंत बंदी घातली होती. मोसला आहेराच्या वहीसारखं तयार दफ्तर मिळालं असतं तर त्याचे बरेच कष्ट वाचले असते.

आहेर हे उसनं असतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. ज्या घरात लग्न त्या घरावर एकदम खर्च कोसळतो. तीनशे घरांनी थोडं थोडं उचललं तर तो पेलतो. भिशीचं तत्त्व तेच. बारा मैत्रिणी महिन्याला २,००० घालतात आणि दर महिन्याला एकीला २४,००० मिळतात. पहिलीला मिळतं ते बिनव्याजी कर्ज, बारावीला मिळते ती बिनव्याजी बचत. व्याजाऐवजी जामीन असतो तो ओळखीचा, कारण दर महिन्याला एकमेकींची तोंडं पाहायची असतात.

गडबड होते ती या उसनवारीला बाजाराने गाठलं की. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण आता वही बंद झाली आणि खर्च मात्र वाढला. लॉन आलं, ड्रोनवरून चित्रीकरण आलं, लग्नाआधीचं वेगळं चित्रीकरण आलं. पूर्वी तीनशे घरांनी मिळून उचललेला भार आता एकट्या बापावर, बहुधा वैयक्तिक कर्जाच्या रूपाने, येतो. आहेर नाकारणं मोठेपणाचं वाटतं. लग्न साधं करून आहेर घ्यायला माझी जास्त पसंती आहे.

६. बोहारीण

भांडी बाजारातून स्टीलची भांडी टोपलीत भरून दारोदार फिरणाऱ्या बोहारणी कमी झाल्या. जुन्या कपड्यांवर भांडं, असा तो सौदा. दोन साड्या आणि एक पँट यांवर पातेलं मिळेल की फक्त वाटी, यावर अर्धा तास घासाघीस चालायची आणि शेवटी एखादा सदरा वर टाकून सौदा पटायचा. त्याआधीही कपडा सहजासहजी घराबाहेर जात नसे: मोठ्याचा धाकट्याला, मग गोधडीला, मग पायपुसण्याला.

आता कपाट उघडताना कपडे अंगावर पडतात. ते ‘गरिबांना देऊ’ म्हणून पिशव्या भरल्या जातात. गेल्या दहाएक वर्षांत अनेक शहरांत माणुसकीची भिंत उभी राहिली, नको असलेले कपडे तिथे अडकवायचे. कल्पना इराणमधून आली आणि सुरुवातीला चांगली चालली. पण बटण तुटलेला शर्ट कुणालाच नको असतो, तो भिंतीवरही नको असतो. अडगळ बाहेर काढणं हे आपल्या कपाटाचं काम झालं, त्याला दान म्हणण्याची घाई नको.

खरं देणं कसं वाटतं, ते मुलांना मात्र दाखवता येतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सकाळी लोकांना ५ किंवा २० डॉलर दिले आणि संध्याकाळच्या आत खर्च करायला सांगितले, काहींना स्वतःवर, काहींना दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त खुशीत होते आणि रक्कम ५ होती की २० याने फरक पडला नाही. बाकीच्यांना अंदाज विचारला तर बहुतेकांचं मत होतं, की २० डॉलर स्वतःवर उडवणारा सर्वात आनंदी असेल. वाढदिवसाला दहा वर्षांच्या मुलाच्या हातात शंभराची नोट देऊन ‘दुसऱ्या कुणासाठी काहीतरी घे’ म्हणून पाहा. तो काय घेतो, यावर घरात चर्चा नको.

७. रक्कम तीच, किंमत नाही

उषवदाताची पद्धत आजच्या नोकरदाराला जमेल का? जमते, आणि आपल्या डोळ्यांसमोर ती चालू आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये बक्षिसांची यादी वाचतात, आठवतं? ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, संस्कृतमध्ये प्रथम.’ कुणीतरी शाळेकडे रक्कम ठेवलेली असते, तिच्या व्याजातून बक्षीस. ही अक्षयनीवीच. निगमसभेऐवजी गॅदरिंगचा माइक, एवढाच फरक.

पण तिच्यात एक भोक आहे. साठ वर्षांपूर्वी कुणी १,००० रुपये ठेवले आणि पाच टक्क्यांनी वर्षाला ५० मिळाले, तर तेव्हा त्यात पुस्तकांचा गठ्ठा येई. आज ५० रुपयांत दोन वह्या येतात. मुद्दल अक्षय राहिलं, त्याची किंमत क्षय पावली. भाव वर्षाला सहा टक्क्यांनी वाढले तर बारा वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते.

यावर उपाय व्याजातच आहे, फक्त थोडं मन घट्ट करावं लागतं. समजा घरातल्या सगळ्यांनी मिळून आजीच्या नावाने २,००,००० ची ठेव केली आणि सात टक्के व्याज मिळालं. वर्षाचे १४,०००. सगळे वाटले तर पंचवीस वर्षांनी ते बक्षीस थट्टेचा विषय होईल. महागाई सहा टक्के धरून मुद्दलाची किंमत पूर्ण राखायची तर १२,००० परत मुद्दलात घालावे लागतील आणि द्यायला फक्त २,००० उरतील. तेवढ्यासाठी कुणी ठेव करणार नाही. मधली वाट अशी: ८,००० द्यायचे, ६,००० मुद्दलात. दुसऱ्या वर्षी मुद्दल २,०६,०००, व्याज १४,४२०, देणं ८,२४०. महागाईला पुरतं गाठता येत नाही, पण अंतर निदान सावकाश वाढतं.

घरात वाद आकड्यांवरून होत नाही, तो होतो नाव कुणाचं यावरून. आजीचं द्यायचं तर माहेरचं की सासरचं, आजोबांचं आधी का नको, आणि मोठ्या आत्यांना विचारलं का? हे सगळं होऊ द्यावं, पंधरा दिवसांत शमतं. शाळेला पत्र देताना मात्र बहुतेक जण एकच ओळ लिहितात, ‘व्याजातून दरवर्षी बक्षीस द्यावे’, आणि मग मुख्याध्यापकांचे हात बांधले जातात. त्या ओळीखाली दुसरी लिहून घ्या: ‘व्याजातील तीन सप्तमांश रक्कम दरवर्षी मुद्दलात जमा करावी, आणि दर पाच वर्षांनी हे प्रमाण बदलण्याचा अधिकार शाळा समितीस राहील.’